काळा भात, काळी शिशी

भामरागड तालुक्यातल्या त्या माडिया गावात बोरिंग होतं, तरी बायका नाल्याकाठच्या झऱ्यावरच जायच्या. वाळूत हातभर खड्डा, त्यात पाझरून आलेलं नितळ पाणी, तुंब्यानं हळूच भरायचं. मी तिथं नवी आरोग्यसेविका. आषाढात हागवणीची चार लेकरं एका दिवसात पाहिली आणि घरोघरी एकच सांगत सुटले, बोरिंगचंच पाणी प्या.

आठवड्यानं नाल्याला पूर आला म्हणून रात्री एका आजीकडे राहिले. तिनं मुद्दाम बोरिंगच्या पाण्याचा चहा केला. शाईसारखा काळा. भातही काळपट, तोंडात गंजाची चव. पाण्यात लोह होतं. आठवडाभर मी हेच पाणी प्या म्हणत होते, आणि त्याचा एक घोटही घेतला नव्हता.

माझ्याकडे तपासणीच्या दोन शिशा होत्या. एकीत झऱ्याचं पाणी भरलं, दुसरीत बोरिंगचं, आणि आजीच्या फळीवर ठेवल्या. पूर उतरेना, मुक्काम वाढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झऱ्याची शिशी काळीकुट्ट. म्हणजे पाण्यात विष्ठेचे जंतू. पाऊस पडला की काठावरची सगळी घाण त्या वाळूतच उतरत होती. बोरिंगची शिशी होती तशीच.

आजी माडियात काही बोलली. आशाताईनं सांगितलं, "सिस्टर, आजी म्हनते, तुमच्या पान्यानं भात कारा, आमच्या पान्यानं शिशी कारी. मंग पेवाचा कोनता?"

मला वरोरा तालुक्यातली आधीची नोकरी आठवली. तिथल्या काही बोरिंगांचं पाणी काचेसारखं, चवीलाही चांगलं. पण फ्लोराईडनं पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे. ते उकळूनही जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. तिथं दुसरं पाणी शोधण्यावाचून इलाज नव्हता. इथं इलाज हाताशी होता. हवा लागली की विरघळलेलं लोह गंज होऊन तळाशी बसतं.

म्हणून बोरिंगचं पाणी या मडक्यातून त्या मडक्यात उंचावरून ओतलं, रात्रभर राहू दिलं. सकाळी तळाला तांबडा गाळ. वरचं पाणी लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळून क्लोरीनचे थेंब टाकले, अर्धा तास थांबलो. त्या पाण्याचा भात आजीनं आधी नातवाला नाही, मला वाढला. पांढरा होता.

सात घरांनी मडकी मांडली. बाकीच्यांना थेंबांचा वास सोसेना. मीही जबरदस्ती केली नाही. श्रावणात बोरिंगचा दांडा तुटला. पर्लकोटेच्या पुलावर पाणी, दुरुस्तीवाला पलीकडेच अडकलेला. गाव पुन्हा झऱ्यावर गेलं, आजीसुद्धा. मी जलसंजीवनीची पाकिटं घेऊन पोचले, तेव्हा तिच्या चुलीवर झऱ्याचं पाणी खळखळ उकळत होतं, आणि शेजारणीची दोन लेकरं तांब्या घेऊन दारात बसली होती.