घर कशासाठी बांधायचे?

दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही सहकुटुंब चैत्यभूमीला जातो. वाशीमहून अकोला, अकोल्याहून दादर. २०२४ साली आदल्या रात्री शिवाजी पार्कच्या मंडपात शिदोरी सोडली. भाकरीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रात जाहिरात होती : समुद्रकिनारी आलिशान घर, नुकतेच विक्रीस. चार बेडरूम, समुद्राकडे गॅलरी, दोन मोटारींची जागा. किंमत मात्र समक्ष भेटीत सांगणार होते.

मुलीने जाहिरात मोठ्याने वाचली आणि विचारले, "बाबा, एवढ्या मोठ्या घरात पुस्तकांची खोली कुठे आहे?"

आम्ही हसलो, पण नंतर झोप लागली नाही. त्याच महिन्यात आमच्या घराचा स्लॅब टाकला होता. आमच्या नकाशात तरी पुस्तकांची खोली कुठे होती? पुढच्या खोलीत सोफा, टीव्ही आणि काचेची शोकेस ठरली होती. जयंतीला "शिका" म्हणून भाषण करणारे आम्ही. आणि आमची बारावीतली मुलगी स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात अभ्यास करीत होती!

सकाळी अभिवादन केले. याच दादर चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तेथून हिंदू कॉलनीत राजगृहाला गेलो. परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन लहान खोल्यांत बाबासाहेबांनी १९१२ ते १९३४ असा बावीस वर्षे संसार केला. पुढे घर बांधले ते ग्रंथांसाठी. त्यांचा संग्रह पन्नास हजारांवर गेला. घराला नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे. माणसाने मोठे घर बांधू नये असे बाबासाहेबांनी शिकवले नाही. ते कशासाठी बांधावे, एवढे मात्र करून दाखवले.

परतीच्या गाडीत आम्ही घरचा हिशेब मांडला. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, शोकेस कायले लागते? त्या पैशात पोरीच्या पुस्तकाले जागा करा."

तसेच केले. सोफा आजही नाही. पण खिडकीपाशी टेबल आहे, दिवा आहे आणि भिंतभर फळ्यांची मांडणी आहे. संध्याकाळी वस्तीतली चार मुलेही तेथे अभ्यासाला बसतात.

बंधू-भगिनींनो, समुद्रकाठचे घर आपल्या ऐपतीबाहेरचे असेल. पण घरकुलाच्या एका खोलीतही एक कोपरा निघतो. नकाशा काढताना तो आधी आखा. फरशीचा रंग मागाहून ठरवता येईल.

जय भीम!