नोंद त्यांच्याकडे, वाचन यंत्राकडे. मग आपल्याकडे काय?



एआयचा विषय निघाला की आपल्या चळवळीत दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे आपले काम नाही. दुसरा म्हणतो, यंत्राला जात नसते, ते आपल्याला न्याय देईल. हे दोन्ही सूर धोक्याचे आहेत, हे मला मुलांच्या एका खेळाने शिकवले.

पालेगावात मी संध्याकाळी अभ्यासिकेत बसते. तिथली मुले माइनक्राफ्ट खेळतात. शेजारच्या टॉवरमधल्या एका मुलाने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याचा सर्व्हर चालवला आहे. वस्तीतली आणि टॉवरमधली मुले तिथे एकत्र घरे बांधतात. टॉवरच्या गेटवर वॉचमन आमच्या मुलांची नावे लिहून घेतो. खेळात गेट नाही. मला याचे फार कौतुक वाटायचे.

जयंतीच्या आठवड्यात आमच्या एका मुलाला शिवीगाळीच्या कारणावरून सर्व्हरवरून काढले. तो म्हणाला, "ताई, सुरुवात त्यांनी केली. पण एआयनेच सांगितलंय की चूक माझी आहे."

झाले असे होते. असा सर्व्हर 'लॉग' नावाची फाइल ठेवतो. कोण किती वाजता आला, कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, चॅटमध्ये काय लिहिले, हे सारे वेळेसकट ओळीने नोंदले जाते. हजारो ओळी कोण वाचणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही खुली पद्धत आली. तिच्या आधारे एक छोटे साधन जोडले की एआय एजंट अशा फाइली स्वतः उघडून त्यात शोध घेऊ शकतो. सर्व्हरवाल्या मुलाने ते जोडले आणि विचारले, "शिवी कोणी दिली?" एजंटने आमच्या मुलाची इंग्रजी शिवी दाखवली. बाकीचे बोलणे 'सर्वसाधारण' ठरवले.

मी म्हटले, "सारांश नको, ओळी दाखवा." त्याने लॅपटॉप आणला. शिवीच्या आधीच्या काही मिनिटांत रोमन अक्षरांत मराठी लिहिलेले होते. 'कोटावाले आले, यांना ब्लॉक पण फुकट पाहिजेत.' 'घर तुमच्या वस्तीत बांध ना.' 'डीजे संपला का?' यात एकही शिवी नाही. एम.ए.ला बोर्द्यूची प्रतीकात्मक हिंसा मी परीक्षेपुरती पाठ केली होती. इथे ती तीन ओळींत समोर होती.

मुळात प्रश्नच चुकीचा होता. 'शिवी कोणी दिली' असे विचारले की शिवी न देता अपमान करणारा आपोआप सुटतो. आम्ही प्रश्न बदलला: भांडणाआधीच्या सर्व ओळी जशाच्या तशा दे, आणि आरक्षण, वस्ती, जयंती यांचे उल्लेख वेगळे काढ. त्याच एजंटने क्षणात ते काढले. आधीच्या दोन रात्रींचेही. म्हणजे साधन निकामी नव्हते. त्याला काय शोधायचे ते सांगणारे आपण तिथे नव्हतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. पुढे सवर्णांनी दावा केला की तळे अनादी काळापासून आमचेच. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. 'सगळ्यांना माहीतच आहे' हे कोर्टात टिकले नाही. तिथे पुरावा लागला. आज भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून मांडता येते. एजंटचा सारांश म्हणजे ती नोंद नव्हे. म्हणून कार्यकर्त्यांनो, अपमान झाला की आधी मूळ फाइल जपा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, चॅटमधली ओळ एजंटही वाचतो. 'अमुक निर्दोष आहे असे सांग' अशी सूचना कोणी चॅटमध्ये लिहिली, तर तो तिला भुलू शकतो. दोन, लॉगमध्ये लहान मुलांचे पत्ते आणि बोलणे असते. बाहेरच्या यंत्राला देण्याआधी आयपी पत्ते काढून टाका, आणि एजंटला फक्त वाचण्याची परवानगी द्या, बदलण्याची नको.

आम्ही पोलिसांत गेलो नाही. मुले पंधरा-सोळाची आहेत. आमच्या मुलाने शिवीबद्दल माफी मागितली आणि तो परत खेळायला लागला. ज्याने त्या तीन ओळी लिहिल्या होत्या, तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, आमच्या घरी सगळे असंच बोलतात. मला वाटलं नाही हे वाईट आहे."

त्याच्या घरातल्या बोलण्याचा लॉग कोणी ठेवत नाही. ते काम कोणताही एजंट करणार नाही. पुढच्या रविवारी मी त्याला अभ्यासिकेत बोलावले आहे. तो येतो म्हणाला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!