पासंग

नातीची गिटार अखेर झाली. म्हणजे दुसऱ्यांदा झाली. पहिल्यांदा झाली तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवले होते आणि कौतुकही भरपूर करून घेतलं होतं. त्यामुळे पुढचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे.

निवृत्तीनंतर मी शेजारच्या सुतारमामांकडे रंधा धरायला शिकलो, हे तुम्हाला माहीत आहेच. पाट, देव्हारा, एक डुगडुगणारं स्टूल असं करत करत गिटारपर्यंत मजल गेली. नात दहा वर्षांची, पुण्यात क्लासला जाते. तिच्या मापाची लहान पोटाची गिटार करायची ठरवली. वरची फळी स्प्रूसची, तीन मिलिमीटरपेक्षाही पातळ. पोट अगदी हलकं झालं, टिचकी मारली तर डफासारखं बोले. राहिली दांडी. (गिटारवाले तिला नेक म्हणतात. मिरज आमच्या सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माझ्या तोंडी सतारीचे शब्द बसलेत.)

दांडीसाठी मी आईच्या पलंगाची पट्टी वापरली. पलंग शिसवी, आजोबांच्या वेळचा. माळ्यावर सुटा करून ठेवला होता. पणजीच्या पलंगाचं लाकूड पणतीच्या हातात, या कल्पनेने मीच इतका भारावलो की लाकडाच्या वजनाचा विचारही केला नाही. शिसवीचा घनमीटर आठशे किलोच्या वर जातो, महोगनीचा साधारण साडेपाचशे. गिटार करणारे लोक शिसवी फ्रेटबोर्डला, ब्रिजला, पाठीला वापरतात, दांडीला सहसा महोगनी घेतात. हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि उमगलेलं यात फरक असतो, हे चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो तरी स्वतःला लागू केलं नाही.

गेल्या दिवाळीत ती सुट्टीला आली तेव्हा लक्षात आलं. ती वाजवायला बसायची ती खिडकीपाशीच, आणि गिटारचं डोकं खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून. मला वाटलं, उजेडासाठी. चार दिवसांनी ती मधल्या खोलीत बसली तेव्हा पाहिलं, दोन मिनिटांत डोकं खाली झुकायला लागलं आणि तिने डाव्या हाताने ते उचलून धरलं. ज्या हाताने तारा दाबायच्या तोच हात ओझं धरून होता. मनगट वाकडं झालेलं.

"दुखतं का गं?"

"नाही आबा. छान आहे."

मग सूनबाईने हळूच सांगितलं की क्लासला ती मैत्रिणीची गिटार मागून घेते. सहा महिने. आबांना वाईट वाटेल म्हणून बोलायचं नाही, अशी तंबी तिनेच आईला दिली होती.

त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, अख्खं वर्षभर शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवून घ्यायचा. त्याला फळ्यावरचं दिसत नव्हतं, आणि तसं सांगायची त्याला माझी भीती वाटायची. तेव्हा मी कडक होतो. आता तर मी नुसता लाड करणारा आजोबा आहे. तरीही पोरीला सांगता आलं नाही.

असो. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मोजायला बसलो. गिटार बसून वाजवताना कंबरेच्या खाचेत मांडीवर टेकते. तिथून खुंट्यांपर्यंतचं अंतर भरलं ५८ सेंटिमीटर आणि मागच्या टोकापर्यंतचं २७. म्हणजे डोक्याकडे १०० ग्रॅम जास्त झाले, तर ते तोलायला मागे दोनशेच्या वर ग्रॅम हवेत. लहानपणी बागेतल्या सीसॉवर हे कळलेलं असतं, तिथे लांब बसलेलं बारकं पोर जवळ बसलेल्या जाड्याला उचलतं. मग मला का कळलं नाही? कारण मी वाजवून बघायचो तेव्हा माझा उजवा हात गिटारच्या पोटावर पडलेला असायचा. मोठ्या माणसाच्या हाताचं वजनच मागचं टोक दाबून धरतं. दहा वर्षांच्या पोरीचा हात तो केवढा!

पहिला उपाय सुचला तो पासंगाचा. तराजूचं एक पारडं हलकं पडलं की दुसरं काही टाकून काटा सरळ करायचा, तो पासंग. आजकालच्या मुलांना फक्त "पासंगालाही पुरत नाही" एवढंच माहीत. आमच्या घरात जुन्या तराजूची वजनं आहेत. त्यातलं २०० ग्रॅमचं फडक्यात गुंडाळून गिटारच्या मागच्या टोकाला बांधलं. ते खरोखरच पासंगालाही पुरलं नाही. अर्धा किलोचं बांधलं तेव्हा कुठे डोकं जरा सावरलं. पण गिटार उचलताना नातीने ओठ घट्ट आवळले ते मी पाहिलं. तोल साधला, ओझं वाढलं. मग पट्ट्याचं एक टोक डोक्याला बांधून बघितलं. उभं राहून वाजवताना बरं पडलं, बसल्यावर पट्टा सैल पडून फारसा उपयोग नाही.

सुट्टी संपवून ती गेली आणि मी गिटार घेऊन मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक करून झालं, चहा झाला, मग गिटार पुढे केली. कारागिराने ती दोन बोटांवर आडवी धरली आणि बोटं सरकवत सरकवत तोल सापडला तिथे थांबला. दांडी पोटाला मिळते, बरोबर तिथे.

"गुरुजी, ह्याचं डोकं जड झालंय," तो म्हणाला. "आमचंही होतं म्हणा कधीकधी."

मग त्याने भिंतीवरची अर्धवट सतार काढली. दांडीवर वरची पट्टी अजून बसायची होती, त्यामुळे आत दिसत होतं. एवढी लांब, रुंद दांडी, पण आतून सगळी कोरलेली, पोकळ. वाजवणारा उजव्या हाताने भोपळा दाबून धरतो आणि डावा हात मोकळा ठेवतो. तो सतारीचा भार धरत बसला तर मींड कोण काढणार? त्याचं म्हणणं, मागे वजन लावू नका, पुढचं काढा.

गिटारची दांडी काही अशी पोकळ करता येत नाही. सहा पोलादी तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोच्या घरात जातो, आत लोखंडी ट्रस रॉड लागतोच. म्हणजे लाकूड बदलायचं. दांडी मी सरसाने न चिकटवता दोन बोल्टांनी जोडली होती, तेवढा शहाणपणा माझ्याकडून झाला होता. तरी ते बोल्ट सोडवायला मला आठ दिवस लागले. पाना हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. शेवटी ही म्हणाली, "त्या पलंगावर सासूबाईंनी स्वतः कधी दुपारची पाठ टेकली नाही, आणि तुम्ही तो पोरीच्या मनगटावर टाकताय."

बोल्ट सोडवले.

वखारीत महोगनीचा तुकडा मिळाला. जुनी दांडी फ्रेटबोर्ड आणि रॉडसकट ७१० ग्रॅम भरली होती, नवी ५४५ भरली. डोकं थोडं आखूड केलं, कानशीने पातळही केलं. बंद डबीच्या चकचकीत खुंट्या हौसेने घेतल्या होत्या, त्या सहा मिळून २६०. त्या काढून उघड्या दात्यांच्या साध्या खुंट्या बसवल्या, त्या १६५. स्वयंपाकघरातला वजनकाटा महिनाभर माझ्याच टेबलावर होता, त्यावरून बोलणीही खाल्ली. सगळं मिळून २६० ग्रॅम गेले. पाव किलो! भाजी घेताना आपण तेवढी सहज इकडेतिकडे सोडतो. पण बोटांवर धरून बघितलं तर तोलाची जागा चार सेंटिमीटर पोटाकडे सरकली होती.

आईच्या पलंगाचं काय, असं बहिणीने फोनवर विचारलंच. उरलेल्या पट्टीतून फ्रेटबोर्ड निघाला. तिथे कठीण लाकूड हवंच असतं आणि ते जेमतेम सहा मिलिमीटर जाड. जुन्या दांडीतून पटाशीने आणि करवतीने दोन मिलिमीटरची एक चकती काढली, ती डोक्याच्या दर्शनी बाजूला चिकटवली. बाकीची दांडी कपाटात ठेवली आहे.

मे महिन्यात नात आली. मी काही बोललो नाही, गिटार मधल्या खोलीत ठेवली. ती मांडीवर घेऊन बसली, थोडं वाजवलं आणि डावा हात सोडून चिवड्याच्या वाटीकडे नेला. डोकं खाली आलं, पण सावकाश, आणि तिने उजवं कोपर दाबून ते जागच्या जागी थोपवलं. चिवडा खाऊन झाला. परत वाजवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"आबा, ही पहिली तार ना, बाराव्या फ्रेटपाशी खूप उंच आहे. बोट दुखतं. आणि इथे खरखरतं."

मी चष्मा शोधायला उठलो.