माय धरणावर बसली

२० मार्चला मायला घेऊन माजलगावच्या धरणावर गेलो. काम काहीच नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

मित्रांनो, आपल्या बायांनी अख्खा दिवस उघड्यावर काढला तो पोटासाठीच. लिंबाला पालवी फुटायची, पळस पेटायचा, तेव्हा माय परमुलखात उसाच्या फडात असायची. वसंत ऋतू तिला ठाऊक नाही. कारखान्याचा पट्टा कधी पडतो, एवढंच ठाऊक.

बाभळीखाली भाकरी सोडली. मायनं पाण्याकडं बोट केलं. "थितं आपलं गाव व्हतं रं. थितं आड. घागर घिऊन उभी ऱ्हायाची, कुनी वरून वतंल तवा पानी."

सिंदफणेवरचं हे धरण १९८७ ला पुरं झालं. गाव गेलं, आड गेला. नव्या गावठाणात आपली वस्ती पुन्हा कडेलाच! आड बुडाला, शिवाशिव बुडाली नाही.

मी तिला महाड सांगितलं. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. मागून सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

माय उठली. पदर खोचून पाण्यात उतरली. ओंजळ भरली अन् थांबली.

"कुनाला इचारायचं न्हाई न्हवं?"

"न्हाई माय."

ती प्याली. दिवस मावळेपर्यंत तिथंच बसली.

मोर्चे तर काढूच. पण एक दिवस आपापल्या मायला असं पाण्याकाठी बसवा. तिचा आड कुठं होता, विचारा. लिहून घ्या.