दसऱ्याच्या आत

माणसाने आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला शिकवू नये, असे म्हणतात. हा नियम प्राध्यापकांनी मनावर घेतला, तर निम्मी कॉलेजे बंद पडतील! मी मराठी शिकवतो. ‘पेरणे’ या क्रियापदाची सगळी रूपे मी झोपेतही चालवून दाखवीन. पण गेल्या वर्षीच्या आषाढापर्यंत मी स्वतः एक दाणाही मातीत पेरलेला नव्हता. तरी शिरूर कासारजवळच्या एका प्राथमिक शाळेत परसबाग करून द्यायला राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांबरोबर कोणी जावे, असा प्रश्न निघाला, तेव्हा सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ज्याला तास कमी, त्याला बाग!

आमचा हा भाग सिंदफणेच्या काठचा. नाव नदीचे, पण उन्हाळ्यात पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. बालाघाटच्या उतारावरची जमीन उथळ, मुरमाड. शाळेच्या मागे चार वाफे निघतील एवढी जागा होती. दुपारच्या पोषण आहारानंतर मुले हात धुतात, ते पाणी चर खणून वाफ्यांकडे वळवले आणि माझ्या अध्यापनाला सुरुवात झाली.

आदल्या रात्री मी एक पुस्तक वाचून ठेवले होते. बी आपल्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल घालावे, हा त्यातला नियम मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला. मागे वळून पाहतो तो मुले वाफ्यावर पोचलेली, आणि बोटाने भोके पाडून चवळी टोकूनही झालेली. मी धने अख्खेच टाकू लागलो, तशी तिसरीतली एक मुलगी ओरडली, “सर, आधी रगडा की! एकात दोन असत्यात.” खरेच, धन्याच्या एका फळात दोन बिया असतात. एम. ए. पर्यंत मला हे कोणी सांगितले नव्हते. मेथी पेरायची, चवळी टोकायची, वांगी लावायची. मी ज्या शब्दांना सारख्याच अर्थाचे समजत होतो, ती तीन निराळी कामे निघाली. त्या दिवशी वर्गात विद्यार्थी एकच होता, आणि तो मी!

दुसऱ्या आठवड्यात भोपळ्याच्या बिया घेऊन गेलो. आळे झाले, बिया आत गेल्या. चौथीतला एक मुलगा मात्र उठेना. बोटाची पेरे मोजत त्याने विचारले, “सर, हे कवा येईल?”

मला वाटले, पोर उतावीळ आहे. मी तिथेच धीर या विषयावर छोटेसे व्याख्यान दिले. त्याने ते निमूटपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “तसं न्हाई सर. दसऱ्याच्या आत येईल का? मग आमी कारखान्यावर जातो.”

आमच्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून तिथल्या हिशेबात एक ‘कोयता’ होतो. पट्टा पडला की फाल्गुन-चैत्रात माणसे परत येतात. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली लहान मुलांच्या शाळेला ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. आपल्या बालवाडीतली ‘वाडी’सुद्धा कोकणातल्या माणसाला नारळी-पोफळीची बागच वाटेल. आमच्याकडे वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती, आणि दिवाळी झाली की ती ओस पडते.

भोपळ्याला तीन-चार महिने लागतात. मुलाचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. मी काहीच बोललो नाही. गुरुजींनीच मार्ग काढला. महिन्याभरात काढता येणाऱ्या मेथीला त्यांनी दोन वाफे दिले, दीड-दोन महिन्यांत शेंगा देणाऱ्या चवळी-गवारीला तिसरा. भोपळा ठेवला तो मागे राहणाऱ्यांसाठी. भाद्रपदात मुलांनी आपल्या हातची मेथी खिचडीबरोबर खाल्ली. दसऱ्यानंतर पटावरची बरीच मुले दिसेनाशी झाली. जाताना त्या मुलाने वाळलेल्या चवळीचे मूठभर दाणे खिशात घातले. मी पाहिले, पण विचारले नाही.

चैत्रात तो परत आला. मी विचारले, “चवळी लावलीस का रे?”

“लावली. कोपीच्या मागं. उगवली बी.”

“मग?”

“मग कोप्या हलल्या.”

एवढेच बोलून तो पाणी घालायला गेला. दिवाळीआधी जो धडा तो घडाघडा वाचत असे, तो आता बोट ठेवून, अडखळत वाचू लागला, तेव्हा मला त्या चवळीची आठवण झाली. उगवलेले होते, ते पुढे वाढायला कोणी जागेवर ठेवले नव्हते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम १९४५ साली बोर्डीला सुरू झाले आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. या दोघींनी शाळाच कुरणात नेली; तीच कुरणशाळा. कारखान्यांवरच्या साखरशाळा आणि गावोगावची हंगामी वसतिगृहे ही त्याच वाटेवरची पुढची पावले. परंतु आई-बाप फडात गेल्यावर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळायला ज्याला राहावे लागते, त्या मुलाला ही दोन्ही दूर पडतात. मूल शाळेत का येत नाही, याचा जाब आपण मुलाला विचारतो. कोसबाडला तो प्रश्न शाळेने स्वतःला विचारला.

या वर्षी मी पुस्तक वाचून गेलो नाही. पहिल्याच दिवशी मुलांना विचारले, “कोण कवा जाणार?” त्या तारखा फळ्यावर लिहिल्या, आणि मग बिया निवडल्या. तो मुलगा आता पाचवीत आहे. यंदा भोपळ्याचे आळे त्याने हट्टाने आपल्याकडे घेतले. घरी म्हणे त्याने सांगून टाकले आहे, “मी आजीपाशी राहतो. भोपळ्याला पाणी कोण घालील?” बाप नुसता हसला, आजी मात्र हसली नाही. “एका पोराची भाकर मला जड न्हाई,” एवढेच ती म्हणाली.

हा मजकूर मी दसऱ्याच्या आधी लिहितो आहे. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या रस्त्यांवरून बिऱ्हाडांनी भरलेल्या गाड्या गेलेल्या असतील. कोण गेले आणि कोण राहिले, ते मला दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत गेल्यावर कळेल. वर्गात शिरून हजेरी घेण्याआधी मी मागच्या बाजूला जाऊन भोपळ्याचे आळे ओले आहे का, तेवढे पाहणार आहे.