हुलगा, नमस्कार आणि पाच रुपयांचा पुडा

आटपाडी आज सांगली जिल्ह्यात असली, तरी १९४८ पर्यंत ती औंध संस्थानात होती. आमच्या वडिलांच्या पिढीच्या ताठ कण्यात हे औंध दिसायचं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तरुणपणी बरीच वर्षं व्यायामपटू सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला, मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३८ साली नमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनला निघालं. पण हुकमाला वजन होतं ते एवढ्याचसाठी, की राजा स्वतः रोज नमस्कार घालायचा. वडीलही म्हातारपणापर्यंत पहाटे अंगणात 'ऱ्हां, ऱ्हीं' करत घालायचे. आम्हाला ते कधी 'या' म्हणाले नाहीत. दोन-चार दिवस बघून आम्हीच शेजारी उभे राहायचो.

खाण्याचंही तसंच. कुणी आम्हाला पौष्टिक म्हणून काही वाढलं नाही. आमच्या माणदेशात पावसाने जे पिकू दिलं ते ताटात आलं: बाजरी, मटकी, हुलगा. शेंगोळ्यांचा दिवस असला की आई हुलग्याच्या पिठात वाटलेला लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळायची आणि आम्हा भावंडांना वळायला बसवायची. पिठाचा गोळा पाटावर लांबवायचा, टोकाला टोक चिकटवायचं, आणि आई म्हणेल तेव्हा उकळत्या आधणात सोडायचा. ज्याचं वाकडं झालं, ते त्याच्याच ताटात. स्वतःच्या हातचं वाकडं शेंगोळं नको म्हणणारं पोर मी पाहिलेलं नाही.

शाळा सुटली की शेरडं, नाहीतर माणगंगेचं पात्र. पात्रात पाणी असण्यापेक्षा वाळूच जास्त, म्हणून हुतूतूला त्यासारखी जागा नव्हती. तहान लागली की तिथंच झिरा उकरायचा, गढूळ पाणी बसेपर्यंत थांबायचं आणि ओंजळीनं प्यायचं. वाटेत बोरं, चिंचा, कुणाच्या तरी बांधावरच्या शेंगा. शेंगांसाठी पळावं लागे, कारण मालकही पळत येई!

अर्थात, ते दिवस सोन्याचे होते असं म्हणणाऱ्यानं १९७२ आठवावं. दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती आणि सुकडीवर पोरं जगत होती. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या काटक पायांचं श्रेय व्यायामाला नव्हे, उपासमारीला जातं. ते परत यावं असं कुठल्या शहाण्याला वाटेल?

आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. गंमत अशी, की चांगलं डाळिंब खोक्यात बसून बाजाराला जातं आणि बागायतदाराचं पोर पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा फोडतं. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत असले जास्त मिठा-साखरेचे, तेलकट पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० सालीच झाला. पण ५० मीटर म्हणजे पोराला दहा-बारा सेकंदांची धाव, आणि कित्येकांची दिवसभरातली तेवढीच धाव. एरवी दारात गाडी येते, दारात सोडते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरदार हालचाल करावी. आम्हाला घरात ६० मिनिटं बसवणं हीच शिक्षा होती.

दोष पोरांना देण्यात मात्र अर्थ नाही. पुडा आणून देणारे, 'गप बसतंय' म्हणून हातात मोबाईल देणारे आपणच. शाळेच्या पोषण आहारात मटकीची उसळ असते, ती पोरं पंगतीत मिटक्या मारत खातात. घरी तीच मटकी नको असते, कारण घरी पंगत नाही, टीव्ही आहे. बाजरीचा मान तर २०२३ साली युनोनं भरड धान्य वर्ष साजरं करून वाढवला, पण आमच्याकडे पाहुणा आला की अजून आधी चपात्याच लाटल्या जातात.

गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी आटपाडी-विट्याकडची घरं देशभर पांगलीत. त्यांची पोरं मे महिन्यात गावी येतात. शेजारच्या घरी आलेल्या अशा तिघांना परवा आजीनं परातीसमोर बसवलं. पहिलं शेंगोळं साप म्हणून फिरलं, दुसरं चष्मा झालं, तिसऱ्यावर भांडण लागलं. ताटात मात्र एकही उरलं नाही. त्यांचा बाप तेवढा बाहेर कट्ट्यावर बसून वडापाव खात होता आणि ओरडून सांगत होता, "सगळं संपवा रे, तब्येतीला चांगलं असतं."