हावेरीपुढचा सूर्यास्त

श्रवणबेळगोळच्या यात्रेस सांगलीहून पहाटे निघालेले ते कुटुंब हुबळी ओलांडेपर्यंत अगदी वेळेवर होते. चित्रदुर्गास स्नेह्यांकडे सूर्यास्तापूर्वी भोजन ठरलेले. हावेरीपुढे चाक फुटले. जादा चाक काढावे, तो त्यातही हवा नाही! हिशेबात पैचीही चूक न करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीची ही अवस्था. पंक्चरवाल्याने काम उरकेपर्यंत दिवस मावळला. आजींचा नियम अढळ. त्यांनी पाणीही वर्ज्य केले. दिवसभर कुरकुरणारा नऊ वर्षांचा नातू त्यांना बिलगून म्हणाला, "आजी, मीही उद्याच जेवीन." दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे त्याने घड्याळ हाती धरून मोजली.

विंध्यगिरीच्या पायऱ्या सहाशेहून अधिक. गुडघ्यांपायी डोली घ्यावी लागली, याचे आजींना शल्य होते. नातू अनवाणी, डोलीच्या बाजूने चढला. ५७ फुटी अखंड पाषाणमूर्तीच्या पायाशी, चावुंडरायाने ती करविल्याचा प्राचीन मराठी शिलालेख आहे. वडिलांनी तो वाचून दाखविला.

"म्हणजे आपली भाषा आपल्याआधीच इथे आली!" नातू उद्गारला.

आजी हसल्या. परतताना पहिल्या वीस पायऱ्या त्यांनी त्याचा हात धरून स्वतः उतरल्या. डोलीवाले मागून सावकाश येत होते.